आधी मिरज, मग हृदय



मी अडत दुकानदार, डॉक्टर आणि हृदयाच्या पेशंटांच्या या मेळाव्याचा यजमान. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'विषयात फार शिरू नका' असं बजावलंय. तशी भीती नाही, कारण मिरजेलाच दहा मिनिटं पुरणार नाहीत.

कॅनडातून आलेल्या डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. अथणी-रायबागचा, कोकणातला, गोव्याचा माणूस दुखणं विकोपाला गेलं की मिरजेची गाडी धरतो, तो तेव्हापासून. आमच्या स्टेशनबाहेर रिक्षावाला 'कुठं जायचं' विचारत नाही, 'कुठला दवाखाना' विचारतो. नारायण राजहंस नावाच्या पोराच्या कानाचं दुखणं निघालं, तेव्हा शाहू महाराजांनी त्याला उपचाराला मिरजेलाच धाडलं. इथंच तो किर्लोस्कर नाटक मंडळीच्या हाती लागला आणि बालगंधर्व म्हणून गाजला. त्यातलं थोडं श्रेय आम्ही दवाखान्याच्या खात्यावर जमा करतो.

पण मला सांगायचंय ते फरीदसाहेबांबद्दल. चौकाचौकात मोठमोठ्यांचे फलक लागतात, या माणसाचं नाव मात्र गल्लीबाहेर कुणी घेत नाही. घराणं शिकलगारांचं, काम तलवारींना धार लावण्याचं. लढाया संपल्या, तलवारी खुंटीला गेल्या. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी वाद्यं दुरुस्त करता करता सतारी-तंबोरे घडवायला घेतले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कान मिरजेचा! गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. आमच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाहुण्यांनी जेवणानंतर सतारमेकर गल्लीत जरूर जावं आणि जवारी लावताना बघावं. कारागीर आधी गाणाऱ्याला विचारतो, पट्टी कुठली? मग घोडीवर हलकेच कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवतो. गाणाऱ्याची मान हलेपर्यंत तंबोरा हातावेगळा होत नाही. तपासणीच्या खोलीतही असंच आधी विचारणं, मग ऐकणं व्हावं, एवढंच मला म्हणायचंय. इथून हृदयाकडे जाणारा पूल जरा कच्चा आहे, सांभाळून घ्या.

आमच्या शेजारच्या अण्णांना हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय? अण्णा म्हणाले, "बरं आहे, जरा गॅस धरतो." संपलं बोलणं. रात्री एका उशीच्या तीन झाल्यात, पायावर बोट दाबलं तर खळगा राहतो, तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलंय आणि एसटीनं लग्नाला जायचं म्हणून लघवीची गोळी बंद ठेवलीय, हे सगळं काकूंना ठाऊक. काकू पिशवी धरून दाराशी उभ्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. धाकटा मुलगा नंतर एकटाच आत गेला आणि म्हणाला, "डॉक्टर, अण्णांना काही सांगू नका हं." अण्णांनी उभ्या आयुष्यात कर्ज काढलं, फेडलं, दोन पोरींची लग्नं केली. स्वतःच्या छातीचा हिशेब तेवढा त्यांना झेपणार नाही, हे ठरवणारे आपण कोण? पुढं कधी प्रकृती ढासळलीच, तर आयसीयू की घर, हेही त्यांनाच विचारायला हवं, आणि तेही ते बोलण्याच्या अवस्थेत असताना. समोर बसलेल्या माउलींनो, वजनाची वही काढा आणि डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा. डॉक्टर तुमचं आधी बोलून होऊ देतील, असं मी यजमान म्हणून गृहीत धरतो.

आता व्यवस्थेतल्या उणिवा. लिफ्ट काल संध्याकाळी बंद पडली. दम लागणाऱ्या मंडळींना जिना चढायला सांगणं शोभत नाही, म्हणून मुख्य सत्र तळमजल्यावर आणलंय आणि भाषणांच्या मधेमधे भांड्यांचा आवाज येणार आहे. आचाऱ्यांना मीठ कमी घाला म्हणून सांगितलं, तर ते रुसले. म्हणाले, "आळणी वाढलं तर उद्या मला कोण बोलावेल?" शेवटी दोन पंगती ठरल्या. हिरव्या कापडाची पेशंटांची. तिथं पापड-लोणचं नाही, आणि डॉक्टरांनी तिथंच बसावं, ही विनंती. गाद्या कमी पडल्या, डास आहेत, गरम पाणी सात वाजेपर्यंतच मिळेल. क्षमस्व.

मंडपवाल्यांनी भाडं घेतलं नाही. भाजी मंडईतल्या मित्रांनी भाजी पाठवली, तीही नावं जाहीर न करण्याच्या अटीवर. रिक्षा स्टँडच्या पोरांनी पेशंटांची ने-आण फुकट पत्करली. औषध विक्रेत्यांनी दोनशे वह्या छापून दिल्या, आत रोजच्या वजनाचे रकाने आहेत. महिला मंडळानं रात्री जागून पिशव्या भरल्या. सतारमेकर मंडळींनी व्यासपीठावरचे दोन तंबोरे दिलेत, पाहुण्यांनी कृपया त्यांना टेकू नये. कुणाचं नाव राहिलं असेल तर चहाच्या वेळी माझा कान धरावा.

फाटकासमोर लावलेली पांढरी गाडी कुणाची असेल त्यांनी ती तेवढी काढावी, दुधाचा टेम्पो अडकलाय.