समुद्राच्या तळाचा प्राणवायू



नेरमध्ये येऊन आम्ही समुद्रावर बोलणार, हे काहींना वैशाखात घोंगडीची तारीफ करण्यासारखे वाटेल. पण येथल्या शिवारात पडलेला पाऊस बेंबळेला मिळो की अडाणला, अखेर तो वर्धेत जातो. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि आपल्या शेतातली माती व तिच्यात विरघळलेले खत बंगालच्या उपसागराची वाट धरते. तेव्हा विषय अगदीच परका नाही. दाखला मात्र आम्ही घेणार आहोत तो पश्चिम किनाऱ्याचा; कारण तेथल्या पाण्याचा अभ्यास बारकाईने झालेला आहे.

१९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. तिचे संशोधक कांदोळीसमोरच्या समुद्रातून वेगवेगळ्या खोलीचे पाणी वर्षानुवर्षे काढीत आले आहेत. त्या पाण्यात प्राणवायू किती, हे ओळखण्याची रीत हंगेरीच्या विंकलर यांनी १८८८ साली दिली. बुडबुडा न राहू देता बाटली काठोकाठ भरावयाची, तीत मँगनीजचा क्षार आणि अल्कली मिसळलेले आयोडाइड घालावयाचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचे मोजमाप प्रयोगशाळेत होते, पण पाण्याने आपली हकीगत नावेवरच सांगितलेली असते.

पावसाळ्याच्या अखेरीस तळाजवळच्या बाटल्यांत हा साका पांढरा पडू लागतो. असे का व्हावे? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोल समुद्रातले थंड, प्राणवायूला आधीच पारखे झालेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. त्यावर सह्याद्रीच्या नद्यांचे हलके गोडे पाणी झाकणासारखे पसरते. वरची हवा खाली पोचत नाही. वरच्या थरात वाढलेल्या सूक्ष्म वनस्पती मरून खाली पडतात आणि त्या कुजविताना जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवितात. तो संपला की ते नायट्रेटमधला प्राणवायू घेतात आणि नत्र हवेत सोडून देतात. तेही संपले की सल्फेटची पाळी येते व कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मासळी अशा पाण्यात टिकत नाही.

नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या पट्ट्याचे वर्णन केले. पट्टा निसर्गनिर्मित आहे. परंतु तो तीव्र होत चालल्याचे आणि तेथे नायट्रस ऑक्साइड फार मोठ्या प्रमाणात साठत असल्याचे त्यांनी दाखविले. हा वायू वजनास वजन धरून, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता रोखतो. जमिनीवरून वाहून येणाऱ्या खताचा यात वाटा असू शकतो. सगळा दोष युरियाच्या पोत्यावर टाकणे मात्र आम्हास उतावळेपणाचे वाटते. वारा आणि समुद्राचे प्रवाह यांचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

आता हीच क्रिया आपल्या काळ्या रानात पाहा. झड लागून पऱ्हाटीत पाणी तुंबले की मातीतली हवा संपते आणि तेथले जीवाणूही नायट्रेटवर हात टाकतात. युरियात नत्र शेकडा ४६. त्यातला काही भाग असा हवेत उडतो, काही निचऱ्याबरोबर विहिरीत उतरतो. पैसे शेतकऱ्याचे जातात, आणि विहिरीत उतरलेले नायट्रेट घरच्या हंड्यात येते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जास्त नायट्रेटने घटते, ओठ निळसर पडतात. वरचे दूध अशा पाण्यात कालवून देणे धोक्याचे. याला ना रंग, ना वास, म्हणून पाणी तपासूनच घ्यावे लागते. जंतूंसाठी पाणी उकळावे, ते योग्यच. पण नायट्रेट उकळण्याने जात नाही. पाणी जसजसे आटते तसतसे उरलेल्या पाण्यातले त्याचे प्रमाण वाढतच जाते.