पाहुण्या पाखरांचा नवेगाव बांध

पूर्व विदर्भात, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत नवेगाव बांध हा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. नौकाविहारासाठी व वनभ्रमंतीसाठी येणाऱ्या पर्यटकास तो निसर्गाची देणगी वाटतो. वस्तुतः ते मानवी श्रमांचे फळ होय. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बांध घालून अडविल्या आणि धानशेतीसाठी पाणी साठविले. तलाव बांधण्याची विद्या परंपरेने जाणणाऱ्या कोहळी समाजातील या कर्त्या पुरुषाला लोकांनी पुढे ‘कोलासूर’ म्हणून देवत्व दिले.

शेतीसाठी साठविलेल्या या पाण्याने वन्यजीवांचाही संसार उभा केला. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि २०१३ साली हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाला. वाघ, बिबट्या, गवा, अस्वल आणि सांबर यांचे हे वसतिस्थान आहे. येथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी या अरण्याचे पक्षिवैभव मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविले.

हिवाळ्यात पाणी ओसरू लागले, की काठचा उथळ, दलदलीचा पट्टा उघडा पडतो. पाणवनस्पती, बीजे आणि कीटक यांनी समृद्ध असलेला हा पट्टा म्हणजे पक्ष्यांची पंगतच. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांतील तलवार बदके अशा काठांवर उतरतात. परतीच्या दीर्घ प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना याच मुक्कामात साठवावयाची असते. नाव जवळ आली अथवा ध्वनिवर्धक गाजू लागला, की थवा उडतो. पर्यटकास ते दृश्य मनोहर वाटते. परंतु अशा प्रत्येक उड्डाणात पाखराची कष्टाने मिळविलेली शक्ती खर्ची पडते. वारंवार त्रास झाला, तर ते ती जागाच सोडून जाते.

म्हणून विहार आणि संरक्षण यांत विरोध नसून मर्यादेचा प्रश्न आहे. नाव खोल पाण्यात राहावी, उथळ काठ पाखरांसाठी सोडावा. दुर्बिणीतून पाहावे, आवाज टाळावा आणि आणलेले प्लास्टिक परत न्यावे. स्थानिक तरुण मार्गदर्शक झाले, तर जिवंत पाखरू हेच गावाच्या उपजीविकेचे साधन ठरेल.

कोलू पाटलांनी धानासाठी पाणी अडविले. त्या पाण्यावर पाखरांनी विश्वास ठेवला. तो विश्वास जपणे आता काठावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे.