नुसते ‘पिऊ नका’ पुरेसे आहे का?
(चौक येथील विद्यार्थी-पालक शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



दारू आपल्या धर्मात निषिद्ध आहे, हे या सभागृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगण्यासाठी मी उभा नाही. मला विचारायचे आहे ते असे की, एवढे सांगितले म्हणजे आपले कर्तव्य संपते काय?

आपली मुले एकटी राहत नाहीत. कॉलेजात, कारखान्यात, कार्यालयात त्यांना सर्व प्रकारचे सोबती भेटतात. या परिसरातील ईस्ट इंडियन व कोळी शेजाऱ्यांकडे लग्नकार्यात पेय असते. पण ते वडीलधाऱ्यांसमोर, जेवणाबरोबर. धोका त्याहून अधिक आहे तो लपूनछपून पिण्यात. ज्या घरात दारूचे नावही काढता येत नाही, तेथील मुलाला शंका आली तर तो विचारणार कोणाला? तो मित्राला विचारतो, आणि मित्र सांगतो, “बिअर म्हणजे काही दारू नव्हे.”

हिशेब करून पाहा. 8 टक्के मद्यार्क असलेल्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या सुमारे चार पेगांइतका! थंड पाण्याने अंघोळ केली किंवा काळी कॉफी घेतली म्हणून तो लवकर उतरत नाही; यकृत आपल्याच गतीने काम करते. ‘बेताने घ्या’ असे सांगणारे आहेत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले की, आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही.

कायदाही माहीत हवा. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. अल्पवयीन मुलाच्या हाती दारू देणाऱ्यास 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मनोरीच्या खाडीपलीकडचे मालवणी येथून दूर नाही. जून 2015 मध्ये तेथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. चवीवरून वा वासावरून ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांची नस जळते. नजर अंधुक होताच इस्पितळ गाठले तर जीव वाचू शकतो. पण “लोक काय म्हणतील” म्हणून घरात दडून राहिले, तर वेळ निघून जाते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा 17 वर्षांचा मुलगा दारू प्यायलेला होता, असा आरोप आहे. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांनाही अटक झाली. हे प्रकरण पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. मुलाला वाचवणे आणि त्याचे कृत्य झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, भाईंदर-मिरा रोडहून उत्तन-चौकाकडे येणारा रस्ता वळणावळणाचा आहे. ज्याने घेतली आहे त्याच्या मोटारसायकलवर मागे बसू नका आणि त्याच्या हाती किल्लीही देऊ नका. कोणी बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, 108 ला फोन करा. स्वतःला नको असेल तर “मी घेत नाही” एवढेच म्हणा. कारण देण्याची गरज नाही. हा नकार वर्गात, नाटुकल्यातून, मोठ्याने म्हणून घेतला पाहिजे. शिक्षकांनी हे काम मनावर घ्यावे.

आणि पालकहो, मध्यरात्री मुलाचा फोन आला, “अब्बा, चूक झाली, न्यायला या,” तर आधी जा, त्याला घरी आणा. जाब दुसऱ्या दिवशी विचारा, जरूर विचारा. पण त्या रात्री तो फोन करायला भ्यायला, तर तो त्याच मोटारसायकलवर बसेल. मुलाला आपल्या रागाचे भय असावे, पण आपल्या दाराचे भय असू नये.