पटावरचें नांव आणि पंक्तींतलें पान

खोपोलीजवळच्या साजगांवीं विठोबाचें देऊळ आहे. भोंवतालचे लोक त्या स्थानाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. कार्तिकी एकादशीला तेथें यात्रा भरते आणि एरवीं परस्परांस न ओळखणारीं माणसें दर्शनासाठीं एका रांगेंत उभीं राहतात. श्रोतेहो, याच गांवचा एखादा विद्यार्थी महाविद्यालयांत पहिलें पाऊल टाकतो, तेव्हां त्याची स्थिति नेमकी उलट होते. हजेरीपटावर त्याचें नांव असतें. पण त्या नांवानें हांक मारणारें कोणी नसतें.

पटावर नांव चढणें निराळें आणि आपलेपणा लाभणें निराळें. हा भेद कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं पुरता ओळखला होता. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिल्यावर १९२४ सालीं त्यांनीं सातारा येथें वसतिगृह उघडलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवीत. घरोघर पंक्ति वेगळ्या असण्याच्या त्या काळांत हें केवढें धाडस! मुलांच्या अन्नासाठीं पैसा उरला नाहीं, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, दिलें. पुढें १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय निघालें. ‘कमवा आणि शिका’ हा तेथला परिपाठ. ज्या जमिनींत आपला घाम गळला, ती विद्यार्थ्याला परकी कशी वाटावी?

आज गांवाहून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहाची पंगत लाभत नाहीं. ती उणीव थोडीबहुत भरून काढते १९६९ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना. तिच्या सात दिवसांच्या शिबिरांत मुलें खेड्यांत राहतात, श्रमदान करतात, पाळीपाळीनें स्वयंपाकघर सांभाळतात. स्नेहसंमेलनाचेंही तसेंच आहे. तेथें नाटकांत चमकणाऱ्याइतकाच पडदा ओढणाराही महाविद्यालयाचा होऊन जातो, कारण त्याच्यावांचून अडतें.

“परीक्षा जवळ आली, आतां शिबिर कशाला?” असें पुष्कळ पालक म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. तथापि अडल्या वेळीं धांवून येणारा स्नेही गुणपत्रिकेंत सांपडत नाहीं. तो बरोबरीनें मातीच्या पाट्या वाहतांना, शेजारच्या पानावर जेवतांना भेटतो. तेव्हां वर्षांतले ते सात दिवस मुलामुलींना खुशाल देऊन टाकावे.