सगळेच तसे नसतात, पण ओळखायचं कसं?

आजच्या भागात लहानपणीच्या मारहाणीचा आणि विश्वासघाताचा उल्लेख येणार आहे. आत्ता ऐकायची तयारी नसेल, तर नंतर ऐका. काही बिघडत नाही.

घरातल्याच माणसांकडून त्रास झालेल्या मुलीला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं. 'अगं, सगळेच तसे नसतात.' मला त्या वाक्याचा कंटाळा आलाय. ते खोटं नाहीये, आम्हालाही कळतं ते. पण कोण तसा आणि कोण नाही, हे ओळखायची सवयच मोडलेली असते, त्याचं काय?

जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात याबद्दल फार नेमकं मांडलंय. मोठ्या माणसाला कुणी फसवलं तर तो संबंध तोडू शकतो. लहान मूल कुठे जाणार? जो मारतो, तोच फी भरतो, तोच जेवायला घालतो. मग मन दिसलेलं न दिसल्यासारखं करायला शिकतं. त्या वयात जगण्यासाठी ते गरजेचं असतं. पंचविशीत मात्र तीच सवय आडवी येते.

मी पाचवी ते दहावी शिकायला काकांकडे होते. ताटात भात उरला, दार जोरात आपटलं, काहीही कारण पुरायचं आणि पट्टा निघायचा. ते मी आज सांगू शकते. सांगायला जड जातं ते काकूचं. एकदा तिने माझ्या डोक्याला तेल लावत प्रेमाने विचारलं, 'काय होतंय गं?' मी सांगितलं, मला आईकडे जायचंय. 'कुणाला बोलणार नाही,' म्हणाली. रात्री जेवताना तिनेच ते काकांना सांगितलं. त्या रात्रीच्या मारापेक्षा ते तेलच जास्त लक्षात राहिलंय. पुढे कितीतरी वर्षं कुणी गोड बोललं की माझ्या पोटात गोळा यायचा. चिडकी माणसं परवडायची, त्यांचं पुढे काय होणार ते ठाऊक असायचं.

आणि हे एकट्या माझं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा अहवाल आहे, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्लेला होता.

मग विश्वास परत येतो कसा? भिशीसारखा. भिशीत पहिल्याच दिवशी कुणी लाखभर रुपये देत नाही. थोडे थोडे टाकायचे, कोण वेळेवर भरतंय ते बघायचं. होस्टेलवरच्या रूममेटला मी आधी अगदी फुटकळ गोष्टी सांगितल्या. त्या बाहेर गेल्या नाहीत. मग थोडं मोठं काही सांगितलं. एका रात्री म्हटलं, 'आज माझ्याशी बोलू नकोस.' ती 'बरं' म्हणाली आणि अभ्यासाला बसली. सकाळी नेहमीसारखा चहा समोर. ना टोमणा, ना रुसवा. माझ्यासाठी ते नवीनच होतं. तेव्हापासून मी माणसाचं गोड बोलणं फारसं मोजत नाही. आपण 'नको' म्हटल्यावर ते माणूस कसं वागतं, तेवढं बघते.

आणखी एक. बाहेरच्यांवर विश्वास ठेवायला शिकताना घरच्यांना माफ केलंच पाहिजे, असं काही नसतं. आपल्याकडे लग्नकार्यात लगेच ढकलतात, 'जा, काकांच्या पाया पड, झालं गेलं विसर.' मी पडत नाही. लांबूनच नमस्कार करते आणि जेवणाच्या पंगतीला वळते. जेवण का सोडायचं!

ऐकताना काही वर आलं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुम्ही अठराच्या आतले असाल किंवा तसं कुणी ओळखीचं त्रासात असेल, तर १०९८. पहिल्याच फोनवर सगळं सांगायची गरज नाही. नाव सांगायचं नसेल, तर तेही सांगू नका.

भेटू पुढच्या भागात.