आधी बॅटरी, मग इंजिन

(यवतमाळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



रेडिओवर चालणारं मोठं विमान बनवायचं म्हणून जो कुणी येतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इंजिन कोणतं घेऊ? हा प्रश्न शेवटी विचारा, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

मोठं म्हणजे किती मोठं? पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 80 इंच, म्हणजे साधारण दोन मीटर किंवा जास्त. दुहेरी पंखांचं विमान असेल तर 60 इंच. या छंदातली मंडळी मोठ्या मॉडेलसाठी हे माप धरतात. असं विमान 30 सीसीच्या पेट्रोल इंजिनावर उडतं, सहा-सात किलो भरतं आणि ताशी 80-90 किलोमीटरनं डोक्यावरून जातं. त्याला खेळणं समजू नका.

आपल्या जिल्ह्यात हा विषय बोलायचा तर फुलसावंगीला वळसा घालून जाता येत नाही. महागाव तालुक्यातल्या त्या गावात एका 24 वर्षांच्या कारागिरानं मारुती 800 चं इंजिन बसवून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं. शाळा आठवीपर्यंत, पण हातात कसब असं की गाव त्याला मुन्ना हेलिकॉप्टर म्हणायचं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी चालू असताना मागचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला, आणि पातं लागून तो गेला. इंजिन सुरू झालं होतं, फिरत होतं. तुटला तो दुसराच भाग. त्या मुलाच्या वाट्याला एक पायरी आली नाही : यंत्रात कुणी न बसता, दूर उभं राहून, यंत्राला तुटू द्यायची. मोठं मॉडेल म्हणजे नेमकी ती पायरी. ती आपल्या मुलांना मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून सामान निवडताना ताकद आणि किंमत नंतर बघा. आधी प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा : हा निकामी झाला तर पुढे काय होईल?

या प्रश्नानं सुरुवात केली की पहिली वस्तू हातात येते ती बॅटरी. इंजिन हवेत बंद पडलं तर विमान तरंगत खाली आणता येतं. रिसीव्हरची, म्हणजे विमानात बसून तुमचे रेडिओ-संदेश घेणाऱ्या पेटीची, वीज गेली तर विमान कुणाचंच राहत नाही. दोन मीटरच्या विमानात पंखावरच्या प्रत्येक एलेरॉनला एक, शेपटीच्या आडव्या एलिव्हेटरच्या दोन्ही बाजूंना एकेक, उभ्या रडरला एक आणि थ्रॉटलला एक, असे सहा सर्व्हो, म्हणजे हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी, सहज होतात. जोराच्या वळणात ते एकदम वीज ओढतात. छोट्या विमानातली चार सेलची बॅटरी अशा वेळी दमते, दाब क्षणभर घसरतो आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ जमिनीजवळ पुरेसा असतो. म्हणून रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन स्विच, दोन वेगळ्या वायरी. एक गेली तरी दुसरीवर उतरता आलं पाहिजे. माझी पसंती लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या दोन सेलच्या, 6.6 व्होल्टच्या बॅटरीला. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगते. फॉस्फेटवाली तिच्यापेक्षा उष्णता बरी सोसते. इंजिनाच्या ठिणगीची बॅटरी मात्र पूर्ण वेगळी ठेवा, आणि हातातल्या ट्रान्समीटरवरच्या एका बटणानं ती ठिणगी तोडता येईल असा स्विच बसवा. थ्रॉटलची तार निसटली तर इंजिन थांबवायचा तो हमखास मार्ग.

मग सर्व्हो. त्यावर 15 किलो-सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं. मध्यापासून एक सेंटिमीटरवर तो 15 किलोचा जोर लावू शकतो, असा त्याचा हिशेब. या आकाराच्या विमानात मी याहून कमी घेऊ देत नाही, आणि गिअर धातूचेच. पण जोरापेक्षाही त्याचा सैलपणा बघा. बोटानं दांडी हलवली आणि ती खुळखुळली तर तो सर्व्हो स्वस्त मिळत असला तरी नको. सर्व्होचा सैलपणा, बिजागरीचा सैलपणा, एलेरॉनला दांडी जिथे जोडतात त्या नायलॉनच्या हॉर्नचा सैलपणा एकत्र झाला की वेगात एलेरॉन फडफडू लागतो. ही फडफड सुरू झाली की पंख मोडायला काही क्षण लागतात. सर्व्होपासून एलेरॉनपर्यंतची दांडी पोलादाची, टोकं बॉल-लिंकची, नट लॉकचे. या बारीकसारीक वस्तूंना कुणी हौसेनं पैसे देत नाही, आणि विमानं इथेच पडतात.

आता इंजिन. इथे आपल्या शेतकरी घरांतली मुलं मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा पुढे असू शकतात. मॉडेलची पेट्रोल इंजिनं झाडं आणि गवत कापायच्या यंत्रांच्या दोन स्ट्रोक इंजिनांपासूनच पुढे आली. डायफ्रामचं कार्बोरेटर त्याच जातीचं. वणी, पुसद, दारव्हा कुठेही गवत कापायचं यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री ते उघडून बसवू शकतो. मात्र त्या यंत्राचं इंजिन जसंच्या तसं विमानावर लावू नका, स्टार्टर आणि फ्लायव्हीलमुळे ते विनाकारण जड असतं. पेट्रोलात आता इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि रबराला त्रास देतं. म्हणून उडवणं झालं की टाकी रिकामी करा.

प्रॉपेलरबद्दल मी कठोर आहे. 18 इंची प्रॉपेलर मिनिटाला 7,500 फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी जवळजवळ 650 किलोमीटर असतो. त्याच्या फिरण्याच्या रेषेत, बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही. शेपटी खुंटीला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. टवका उडालेला प्रॉपेलर चिकटवायचा नाही, फेकायचा.

वजनाचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. पारा 44 वर गेला की इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 14 टक्के विरळ होते. इंजिनाचा जोर घटतो, आणि विमान सात-आठ टक्के जास्त वेगानं उतरवावं लागतं. परदेशी पुस्तकातलं वजन जास्तीत जास्त समजा आणि त्याच्या खाली राहा. साग आपला अभिमान आहे, पण बल्सापेक्षा तो चार-पाच पट जड, आणि त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. सांगाडा बल्साचा, इंजिन बसवायची भिंत चांगल्या बर्च प्लायची.

हलकेपणा आणि भरवसा यांनी काय साधतं ते मेनार्ड हिल यांनी दाखवलं. दृष्टी आणि श्रवण दोन्ही फार क्षीण झालेल्या या अमेरिकन वृद्धाचं बल्साचं विमान ऑगस्ट 2003 मध्ये न्यूफाउंडलंडहून निघून जवळपास 39 तासांनी आयर्लंडला उतरलं. अंतर तीन हजार किलोमीटर. इंधनासकट वजन पाच किलोच्या आत, इंजिन अवघं 10 सीसीचं, चार स्ट्रोकचं. आधीची विमानं समुद्रात गेली होती. त्यांनी इंजिन मोठं करत नेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. फुलसावंगीचा अपघात झाला त्याच ऑगस्ट 2021 मध्ये ड्रोन नियम आले. 25 किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल असेल तर प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. पण हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा पाहणं सुटत नाही. यवतमाळ शहराजवळ राहणाऱ्यांनी भारी गावच्या विमानतळाची धावपट्टी विसरू नये.

आता राहिला रेडिओ. तो 2.4 गिगाहर्ट्झचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, कार्बन फायबरपासून दूर ठेवा. गहू-हरभरा निघाल्यावर मोकळं झालेलं, घरांपासून आणि विजेच्या तारांपासून लांबचं शेत निवडा. पहिल्या उड्डाणाआधी शेपटी बांधून इंजिन चालू करा, ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून तीस पावलं चालत जा, आणि जोडीदाराला एलेरॉन, एलिव्हेटर, रडर नीट हलताहेत का ते पाहू द्या. मग इंजिन चालू असतानाच ट्रान्समीटर बंद करा. सिग्नल तुटताच फेलसेफनं थ्रॉटल आपोआप खाली आणलाच पाहिजे. नाही आणला, तर कितीही माणसं बघायला जमलेली असोत, त्या दिवशी विमान उडवायचं नाही.