त्रास नेमका कोणाला?

गुणी पण त्रासदायक खेळाडू सांभाळावेत का, असा प्रश्न पत्रिकेत छापला आहे. ज्यांना लवकर निघायचं आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगतो : सांभाळावेत. (हशा) मात्र त्याआधी तक्रार करणाऱ्याची उलटतपासणी घ्यावी. एखादा खेळाडू ‘डोईजड’ ठरतो तो ज्यांच्या हाती संघ असतो त्यांच्या तोंडून, आणि फिर्यादीनेच न्यायाधीश व्हावं तसा आपण तो शब्द खरा मानतो.

उदाहरण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचं. कर्नल सी. के. नायडू या गावात १८९५ साली जन्मले आणि १९३२ साली भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, हे नागपुरात सांगणं म्हणजे काकाला पुतण्याची ओळख करून देणं. १९३६ ला मात्र कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझींकडे गेलं, आणि नायडू त्यांच्या हाताखाली खेळले. संघात लाला अमरनाथ होते. १९३३ साली मुंबईत पदार्पणातच ११८ धावा करून भारताचं पहिलं कसोटी शतक त्यांनी झळकावलं होतं. लॉर्ड्सवरच्या एका सामन्यात ते पॅड बांधून बसले आणि त्यांच्याआधी दुसरेच फलंदाज जात राहिले. दिवस संपता संपता त्यांना पाठवलं. परत आल्यावर ते संतापले, सामान आपटलं, पंजाबीत काही बोलले. शिस्तभंग! पहिल्या कसोटीआधीच त्यांना बोटीने मायदेशी धाडलं. दौऱ्यावर तोवर त्यांच्या सहाशेहून अधिक धावा झाल्या होत्या. महाराजकुमारांनी तीन कसोटींत मिळून ३३ केल्या. आता नाश्त्याच्या टेबलाची एक कथा. संघातल्याच बाका जिलानींनी सकाळी सगळ्यांदेखत नायडूंचा अपमान केला आणि बक्षीस म्हणून ओव्हलच्या कसोटीत त्यांना जागा मिळाली, असं सांगतात. खरं असेल तर संघाला त्रास देणारा नेमका कोण, हे वेगळं सांगायला नको. मालिका आपण २-० अशी हरलो. पुढे या दौऱ्याची चौकशी करणाऱ्या बोमाँट समितीने विझींच्या नेतृत्वावर कडक ताशेरे ओढले. अमरनाथ परतले, १९४९ मध्ये क्रिकेट मंडळाशी त्यांचं पुन्हा वाजलं, आणि तरीही १९५२ च्या मोसमात पाकिस्तानविरुद्ध भारताने जिंकलेल्या पहिल्यावहिल्या कसोटी मालिकेचे कर्णधार तेच होते. अशा माणसाचा ‘त्रास’ वहीत कुठल्या बाजूला मांडायचा?

मागच्या रांगेतून ‘विदर्भ, विदर्भ’ ऐकू येतंय. आक्षेप रास्त आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९, लागोपाठ दोनदा रणजी करंडक आपल्याकडे आला तो चंद्रकांत पंडितांसारख्या कडक प्रशिक्षकाच्या हाताखाली, लाडाकोडाने नाही. पण शिस्त आणि मर्जी यांत अंतर आहे. पंडितांचा कडकपणा खेळासाठी होता, विझींचा खुर्चीसाठी. एकाच्या धाकात विदर्भाच्या गुरबानीसारखा तरुण गोलंदाज इंदूरच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतो, तर दुसऱ्याच्या धाकात शतकवीर बोटीत बसतो. धाक मी नाकारत नाही, फक्त तो कशाच्या रक्षणासाठी आहे हे विचारतो.

माझ्या म्हणण्याला खरा तडा जातो तो विनोद कांबळीपाशी, आणि तो झाकून ठेवणं बरं नाही. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, १९९३ मध्ये वानखेडेवर २२४ आणि लगेच दिल्लीत २२७. शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. उसळत्या चेंडूपुढची अडचण आणि मैदानाबाहेरचं वागणं, दोन्ही कारणं तेव्हा सांगितली गेली. इथे खलनायक महाराजकुमार सापडत नाही. संघाचं फारसं बिघडलंही नाही. १९९६ साली लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड आले. म्हणजे संघाच्या वहीत कांबळीला वगळणं तोट्याचं ठरलं नाही, हे मला कबूल करावं लागतं. तरी तेविसाव्या वर्षी फाईल बंद करण्याची घाई मला पटत नाही. अमरनाथांना परतायला वाट ठेवली गेली होती. कांबळी एकदिवसीय संघात पुढे अनेकदा येत-जात राहिले, कसोटीत मात्र पुन्हा एकही संधी नाही.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची दुसरी चिठ्ठी सरकवली आहे. पृथ्वी शॉवर बोलणार होतो, त्याची पानं आता घडी घालून खिशात ठेवतो.